मॉडेल रॉकेटमधील मोटार हुक आणि प्रदर्शन-स्टँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार तर रॉकेटला पुढेच ढकलते. मग तिला मागून धरून ठेवण्याची गरज का भासते?

मोटार जळत असते तेवढ्या काळापुरता विचार केला, तर ही शंका रास्त आहे. त्या एक-दोन सेकंदांत मोटार स्वतःला पुढच्या दिशेने दाबत असते आणि तिच्यामागे काहीही नसले तरी चालते. अडचण त्यानंतर सुरू होते. मॉडेल रॉकेटच्या नेहमीच्या काळ्या दारूच्या मोटारीत तीन थर असतात : पहिला इंधनाचा, दुसरा धूर सोडत सावकाश जळणारा विलंबाचा, आणि शेवटी सुट्या दारूचा छोटा इजेक्शन चार्ज. हा शेवटचा चार्ज पुढच्या बाजूला पेटतो, रॉकेटच्या नळीत क्षणभर दाब निर्माण करतो आणि नोज कोन, म्हणजे रॉकेटचे सुटे टोकदार नाक, ढकलून पॅराशूट बाहेर काढतो, निदान तशी अपेक्षा असते. तो दाब मात्र दोन्ही दिशांना सारखाच असतो. पुढे नोज कोन आहे आणि मागे मोटार आहे. दोघांपैकी जे सैल असेल ते आधी निसटते.

समजा, नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरणाइतका वाढला. 18 मिमी व्यासाच्या मोटारीचे क्षेत्रफळ सुमारे 2.5 चौरस सेंमी असते, म्हणजे तिच्यावर मागच्या दिशेने अंदाजे 25 न्यूटन, साधारण अडीच किलो वजनाइतका जोर पडतो. नुसती सरकवून ठेवलेली मोटार हा जोर मुळीच सोसत नाही. ती मागे उडते, दाब त्या भोकातून निघून जातो, नोज कोन जागेवरच राहतो आणि रॉकेट नाक खाली करून बाणासारखे जमिनीत घुसते. माझे एक चांगले रंगवलेले रॉकेट असेच गेले. नंतर मोटारीचे रिकामे केसिंग, म्हणजे तिचे कागदी कवच, वेगळे सापडले, तेव्हा कारण शोधण्याची गरजच उरली नाही.

जोराचा दुसरा प्रसंग पॅराशूट उघडताना येतो. रॉकेटचे धूड शॉक कॉर्डला, म्हणजे त्याला नोज कोन आणि पॅराशूटशी जोडणाऱ्या दोरीला, लटकते, त्याला झटका बसतो आणि शेपटाकडची मोटार आपल्या जडत्वाने नळीतून मागे निसटू पाहते. केसिंग हलके असल्याने हा झटका पहिल्याइतका मोठा नसतो, पण आधीच अर्धवट निसटलेल्या मोटारीला तेवढाही पुरतो.

मोटार हुक म्हणजे नेमके काय?

स्प्रिंग स्टीलची, पेन्सिलीपेक्षाही अरुंद अशी लांब पट्टी, जिची दोन्ही टोके एकाच बाजूला काटकोनात वळवलेली असतात. पुढचे टोक मोटार नळीला, म्हणजे मोटार जिच्यात बसते त्या नळीला, पाडलेल्या छोट्या खाचेतून आत जाते आणि मोटारीच्या पुढच्या कडेसमोर येते. मागचे टोक नळीच्या बाहेर राहून मोटारीच्या मागच्या कडेवर अडकते. पट्टीचा मधला भाग नळीच्या बाहेरून कागदाच्या कड्याने किंवा टेपने बांधलेला असतो. मागचा भाग मात्र मोकळा असतो, कारण मोटार आत घालताना तो बोटाने बाहेर ओढावा लागतो आणि सोडल्यावर त्याने स्वतःहून जागेवर यावे लागते. हुकचे सगळे काम या मोकळ्या भागाच्या लवचीकपणावर चालते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक चुका हा मोकळा भाग नकळत जखडून टाकण्याच्या आहेत.

कोणत्या मोटारीला किती लांबीचा हुक लागतो?

हुकची लांबी म्हणजे दोन्ही वळणांमधील आतले अंतर. ते मोटारीच्या लांबीपेक्षा किंचित, साधारण अर्धा ते एक मिमी, जास्त असावे. सर्वाधिक वापरात असलेल्या 18 मिमी मोटारी 70 मिमी लांब असतात आणि ए8, बी6, सी6 (ही मोटारींची शक्तीनुसार दिलेली नावे) या सगळ्या त्याच मापाच्या असल्याने एकच हुक सर्वांना चालतो. 13 मिमी व्यासाच्या छोट्या मोटारी 45 मिमी लांब असतात. 24 मिमीच्या बाबतीत मात्र जपावे लागते : सी11 आणि डी12 या 70 मिमी लांब आहेत, तर त्याच व्यासाची ई12 ही 95 मिमी लांब आहे. ज्या रॉकेटमध्ये दोन्ही वापरायच्या असतील त्यात 95 मिमीचा हुक बसवावा आणि आखूड मोटारीच्या पुढे 25 मिमीचा जाड पुठ्ठ्याचा पोकळ तुकडा घालावा. हा तुकडा पोकळच हवा, कारण इजेक्शन चार्जचा वायू त्याच्यातूनच पुढे जातो. ही गोष्ट सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण लाकडाचा भरीव ठोकळा घालणारेही भेटतात.

18 मिमी हे नाव सोयीचे आहे. प्रत्यक्षात या मोटारीचा बाहेरचा व्यास सुमारे 17.5 मिमी आणि तिच्या नळीचा आतला व्यास सुमारे 18 मिमी असतो. या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीमुळे मोटार सहज आत जाते, आणि त्याच फटीमुळे ती हुकशिवाय सहज बाहेरही येते.

हुक असताना वेगळी थ्रस्ट रिंग लागते का?

थ्रस्ट रिंग म्हणजे मोटार नळीच्या आत चिकटवलेले जाड कागदाचे कडे. मोटारीचा जोर रॉकेटच्या सांगाड्यापर्यंत पोहोचवणे हे तिचे काम आहे. सी6 मोटारीचा सर्वाधिक जोर सुमारे 14 न्यूटन आणि डी12 चा सुमारे 30 न्यूटन असतो. रिंग नसेल तर हा सगळा जोर हुकच्या पुढच्या वळणावर, म्हणजे काही मिलिमीटर रुंदीच्या धातूवर येतो आणि ते वळण कागदी नळीची खाच हळूहळू पुढे फाडत नेते. एखाद्या उड्डाणात हे जाणवत नाही. दहा-बारा उड्डाणांनंतर हुक मागून सैल झालेला दिसतो आणि दोष मात्र हुकला दिला जातो. म्हणून 18 मिमीच्या हलक्या रॉकेटमध्ये रिंग ऐच्छिक मानली जात असली तरी मी ती नेहमी बसवतो, आणि 24 मिमीला ती अनिवार्य समजतो. रिंग हुकच्या वळणाला पुढून अगदी टेकलेली असावी. मोटार वळणाला दाबते, वळण रिंगला दाबते आणि रिंग संपूर्ण परिघावर तो भार वाटून देते.

हुक बसवताना कोणती काळजी घ्यावी?

खाचेपासून सुरुवात करावी. 70 मिमी मोटारीसाठी खाच नळीच्या मागच्या कडेपासून सुमारे 64 मिमीवर पाडली, तर मोटार मागे सुमारे 6 मिमी बाहेर राहते. एवढा भाग बोटांत धरून मोटार काढता येते आणि हुकच्या मागच्या वळणालाही कागदाच्या कडेचा अडथळा होत नाही. खाचेची रुंदी पट्टीइतकीच असावी. मोठी खाच नंतर गोंदाने भरून काढता येते खरी, पण तशी दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

रिंग चिकटवताना गोंद रिंगेला न लावता नळीच्या आत, रिंग जिथे थांबणार त्या जागी, काडीने लावावा. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद कागदाला फुगवतो आणि काही सेकंदांतच पकड घेतो; रिंग अर्ध्या वाटेत थांबवली तर ती तिथेच कायमची राहते. म्हणून ती एका दमात ढकलावी. गोंद रिंगेच्या पुढच्या बाजूला राहावा, म्हणजे उरलेला गोंद मोटारीच्या जागेत ओघळत नाही. नळीत वाळलेला गोंदाचा एक थेंबसुद्धा मोटार अडवतो आणि मग आत हात पोहोचत नसल्याने पॉलिश पेपर काडीला गुंडाळून तो घासत बसावे लागते.

पट्टी बांधणारे कडे किंवा टेप हुकच्या मधोमध किंवा थोडे पुढे असावे. मागच्या सेंटरिंग रिंगला (मोटार नळी मुख्य नळीच्या मधोमध धरणाऱ्या कड्याला) हुक जिथून जातो तिथे खाच पाडलेली असते, आणि त्या खाचेत गोंद शिरू देऊ नये हे सर्वांत महत्त्वाचे. इथे चिकटलेला हुक दिसायला छान दिसतो पण हलत नाही. जोर लावून ओढला की तो एकदाच वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही. प्रत्येक टप्प्यावर वापरलेले रिकामे केसिंग आत-बाहेर करून पाहावे. सगळे मुख्य नळीत चिकटवून झाल्यावर केलेली तपासणी उपयोगाची नसते.

शेवटची बाब दिशेची. हुक दोन पंखांच्या मधोमध यावा, लाँच लगच्या (लाँच रॉडवर सरकणाऱ्या बाजूच्या छोट्या नळीच्या) रेषेत येऊ नये. लगच्या रेषेत आलेला हुक लाँच रॉडला घासू शकतो, आणि पंखाच्या मुळाशी आलेला हुक बोटाने बाहेर ओढायला जागाच मिळत नाही.

हुक घरी तयार करता येईल का?

येईल. 18 मिमीच्या मोटारीसाठी सुमारे 1 मिमी जाडीची पियानो वायर चालते. पट्टी हवी असल्यास जड खोकी बांधायची पोलादी पट्टी कापून घेता येते. वळण थंड अवस्थेतच, पकडीने, सावकाश द्यावे. स्टील तापवून वळवणे सोपे वाटते, पण तापवलेल्या भागाचे पाणी उतरते आणि त्याचा स्प्रिंगसारखा गुण निघून जातो. वळण अगदी धारदार कोनात न देता थोडी गोलाई ठेवून द्यावे, नाहीतर तिथे चीर पडते. कापलेली टोके कानशीने बोथट करावीत. तार तोडताना तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. साध्या, मऊ लोखंडी तारेचा हुक मात्र करू नये. तो पहिल्या दिवशी नीट बसतो आणि दोन वेळा ओढल्यावर जिथे ओढला तिथेच राहतो.

हुक न लावता मास्किंग टेपने मोटार घट्ट बसवली तर चालते का?

चालते, आणि काही रॉकेटमध्ये तोच एक मार्ग असतो. ज्या रॉकेटची मुख्य नळी हीच मोटार नळी असते, तिथे हुकला बाहेर जागा नसते आणि असली तरी तो हवेला अडथळा करतो. अशा वेळी मोटारीभोवती मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन ती नळीत घट्ट सरकवतात. किती घट्ट, हाच सगळा प्रश्न असतो. माझी कसोटी अशी आहे : मोटार आत घालताना अंगठ्याने निश्चयाने दाबावे लागले पाहिजे, आणि बोटांच्या चिमटीने ओढल्यावर ती बाहेर येता कामा नये. त्याच वेळी नोज कोन मात्र सहज निघाला पाहिजे. रॉकेट कोनाला धरून उचलले तर ते उचलले जावे, पण हलका झटका दिल्यावर कोन सुटावा. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या तुलनेतच तपासायच्या असतात, हे लक्षात घेतले जात नाही.

कागदी नळी दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे सकाळी बेताची वाटलेली पकड दुपारी बदललेली असू शकते. उड्डाणाच्या आधी पुन्हा एकदा पाहावे. मोटारीचा मागचा भाग बाहेर असेल तर मोटार आणि नळी यांच्या सांध्यावरून बाहेरून टेपचा एक वेढा दिल्यास पकड पुष्कळ वाढते. नवशिक्याला मात्र मी हुकच सुचवतो, कारण हुकचे काम अंदाजावर अवलंबून नसते.

दोन टप्प्यांच्या रॉकेटमध्ये हुकचे काय करावे?

खालच्या टप्प्यात नावाच्या शेवटी शून्य असलेली, उदाहरणार्थ बी6-0, मोटार असते. तिच्यात विलंबही नसतो आणि इजेक्शन चार्जही नसतो. इंधन संपताना तिचा पुढचा थर फुटतो आणि त्यातले जळते कण वरच्या मोटारीच्या नोझलमध्ये, म्हणजे मागच्या भोकात, शिरून तिला पेटवतात. यासाठी दोन्ही मोटारी एकमेकींना टेकलेल्या असाव्या लागतात, आणि पुष्कळदा पारदर्शक टेपच्या एका वेढ्याने त्या जोडतात. वरच्या मोटारीला मागे हुकचे वळण असेल तर त्या दोघींच्या मध्ये धातू येतो आणि सांधा नीट जुळत नाही. म्हणून वरच्या टप्प्यात टेपची घट्ट बैठक आणि खालच्या टप्प्यात हुक, अशी विभागणी सर्वसाधारणपणे करतात. वरच्या टप्प्यात इजेक्शन चार्ज असलेली मोटार असल्याने तिची टेपची बैठक विशेष काळजीने तपासावी लागते.

हुकमुळे इग्नायटर पेटत नाही, असे होऊ शकते का?

होऊ शकते. इग्नायटर म्हणजे मोटार पेटवणारी विजेची काडी, आणि हुक धातूचा असतो. इग्नायटरच्या दोन तारा किंवा त्यांना लावलेले दोन्ही चिमटे एकाच वेळी हुकला टेकले, तर वीज इग्नायटरमधून न जाता हुकमधून वळसा घेते आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. इग्नायटर असा फिरवून बसवावा की त्याच्या तारा हुकपासून काटकोनात, दोन्ही बाजूंना जातील. रॉकेट पेटले नाही तर लाँच कंट्रोलरची सुरक्षा किल्ली काढून किमान 60 सेकंद थांबावे आणि मगच जवळ जावे; दोष हुकचा असो की बॅटरीचा, तो त्यानंतर शोधता येतो.

एकापेक्षा जास्त मोटारी शेजारी शेजारी असतील तर सर्व हुक बाहेरच्या बाजूला ठेवावेत. मध्ये इग्नायटरांच्या तारांची गर्दी आधीच असते.

29 मिमी आणि त्याहून मोठ्या मोटारींनाही हुक चालतो का?

इथून पुढे हुकचा नाद सोडावा असे माझे मत आहे. मोटारीचे वजन वाढते, इजेक्शन चार्ज मोठा होतो आणि पातळ पट्टीचे वळण सरळ होण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी आट्यांचे टोपण वापरतात : मोटार नळीच्या मागच्या टोकावर आटे असलेले कडे इपॉक्सीने चिकटवायचे आणि मोटार आत घातल्यावर त्यावर टोपण फिरवून बसवायचे. 24 मिमीसाठीही प्लॅस्टिकची अशी टोपणे मिळतात. धातूच्या कड्यासाठी उष्णता सोसणारे इपॉक्सी घ्यावे; नळीचा चकचकीत थर आणि कड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावी. आट्यांना आधी थोडे पेट्रोलियम जेली लावून ठेवावे, कारण इपॉक्सीचा एक ओघळ आट्यांत गेला की टोपण कायमचे बसते किंवा कधीच बसत नाही.

पुन्हा भरता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मोटारींच्या मागच्या टोकाला बहुतेक वेळा बाहेर आलेली कड असते. ती कड नळीच्या मागच्या टोकावर टेकते आणि जोर तिथूनच रॉकेटला मिळतो, त्यामुळे अशा मोटारीला पुढे थ्रस्ट रिंग लागत नाही. फक्त मागे निसटू नये एवढेच पाहावे लागते. टोपण नसेल तर मागच्या सेंटरिंग रिंगमध्ये टी-नट (लाकडात रुतवून बसवायचे नट) बसवून त्यांत स्क्रूने दोन-तीन पत्र्याच्या पकडी घट्ट करणे हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे.

हुक सैल झाला किंवा गंजला तर?

सैल झालेल्या हुकचे मागचे वळण पकडीने किंचित आत वाकवावे. पट्टीचा मधला भाग वाकवू नये. वाकवूनही तो पुन्हा सैल होत असेल तर तो बदलावा, आणि बदलणे शक्य नसेल तर हुकवरून मोटारीसकट टेपचा एक वेढा द्यावा. उड्डाणापुरता तो उत्तम चालतो.

गंज लवकर चढतो, कारण काळ्या दारूच्या धुराचा चिकट थर हवेतला ओलावा ओढून घेतो. उड्डाणांच्या दिवसानंतर हुकचे मागचे टोक ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडे करून, तेलाचे बोट फिरवावे. तेल कागदी नळीला लागू देऊ नये.

मोटार मुद्दाम बाहेर फेकली जाते अशीही रॉकेट असतात ना?

असतात. अगदी हलक्या, गडगडत किंवा तरंगत खाली येणाऱ्या रॉकेटमध्ये मोटार बाहेर पडणे हाच रचनेचा भाग असतो. मोटारीचे वजन गेल्यावर उरलेले रॉकेट इतके हलके असते की हवेच्या अडथळ्यानेच ते हळू पडते. अशा रॉकेटला हुक लावला तर उलटाच परिणाम होतो. सूचनापत्रात हुक नसेल तर तो का नाही हे आधी पाहावे.

रॉकेट पंखांवरच उभे राहते. मग वेगळा स्टँड कशाला?

ज्यांचे पंख मागे झुकलेले आणि नोझलच्या खालीपर्यंत आलेले असतात ती रॉकेट पंखांच्या टोकांवर उभी राहतात, हे खरे. पण तिथे टेकलेले असते ते बाल्सा या हलक्या लाकडाचे सर्वांत नाजूक टोक. रंग आधी तिथूनच उडतो, मग उघडे लाकूड ओलावा पिते आणि पंख हळूहळू वाकतो. एक पंख दोन अंशांनी वाकला तरी पुढच्या उड्डाणात रॉकेट गोल फिरू लागते. शिवाय अशी बैठक अरुंद असते, आणि फडताळाचे दार आपटले तरी ती पुरत नाही. ज्या रॉकेटचे पंख मागे येत नाहीत ती तर मोटारीच्या बाहेर आलेल्या टोकावर, म्हणजे हुकच्या वळणावर, उभी राहतात आणि हुक वाकतो.

सर्वांत सोपा चांगला स्टँड कोणता?

जो मोटार नळीचा आणि हुकचाच उपयोग करतो तो. रॉकेटच्या आत एक नेमक्या मापाची, नेमक्या अक्षावर असलेली जागा आधीच तयार असते आणि तिला कुलूपही असते. स्टँडसाठी नवी पकड शोधण्याचे कारणच नाही. पूर्ण जळून गेलेल्या मोटारीचे कागदी केसिंग घ्यावे. मागच्या मातीच्या नोझलचे भोक हाताच्या ड्रिलने, माती थोडी ओली करून, 6 किंवा 8 मिमीपर्यंत वाढवावे आणि तेवढ्याच जाडीची लाकडी दांडी त्यातून आत घालावी. दांडीच्या आतल्या टोकाला केसिंगमध्ये बरोबर बसेल इतका टेप गुंडाळावा, म्हणजे ती डुगडुगत नाही, आणि मग गोंदाने पक्की करावी. दांडीचे खालचे टोक लाकडी बैठकीत. आता रॉकेट या केसिंगवर सरकवले की हुक टक्कन बसतो आणि रॉकेट उचलले तर स्टँडही सोबत उचलला जातो.

दांडीची लांबी एवढी ठेवावी की पंखांची टोके बैठकीपासून दोन-तीन सेंमी वर राहतील. हाच स्टँड रंग देतानाही कामास येतो : बैठकीतून दांडी काढली की तीच हातात धरायची मूठ होते. माझे निम्मे स्टँड मुळात रंगकामासाठी केलेले आहेत.

एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. न वापरलेली मोटार कापू नये, तिला भोक पाडू नये, तिच्यातील दारू काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि ती घालून रॉकेट प्रदर्शनात ठेवू नये.

स्टँडची बैठक किती मोठी असावी?

मोठेपणापेक्षा वजन अधिक कामाचे, हे आकड्यांवरून पटते. समजा, रॉकेटचे वजन 100 ग्रॅम आहे, स्टँडवर त्याचा गुरुत्वमध्य टेबलापासून 35 सेंमी उंच येतो, आणि बैठक 15 सेंमी बाजूची चौरस पण जवळजवळ वजनरहित, पुठ्ठ्याची आहे. कडेपर्यंतचे अंतर 7.5 सेंमी असल्याने सुमारे 12 अंश कलले की ते पडते. बैठक 20 सेंमीची केली तर ही मर्यादा सुमारे 16 अंश होते, म्हणजे फारसा फरक नाही. आता मूळ 15 सेंमीचीच बैठक 200 ग्रॅमच्या लाकडाची केली, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे 12 सेंमीवर उतरतो आणि कलण्याची मर्यादा 31 अंशांवर जाते. हा हिशेब रॉकेट बैठकीला पक्के जोडलेले असेल तरच लागू होतो, आणि तो जोड हुक देतो. नुसत्या दांडीवर सैल टेकवलेले रॉकेट बैठक कितीही जड असली तरी स्वतंत्रपणे कलंडू शकते.

रॉकेट स्टँडवर वाकडे उभे राहते. दोष कुठे असेल?

रॉकेट स्टँडवरच अर्धा फेरा फिरवून पाहावे. कल तसाच एका बाजूला राहिला तर बैठकीचे भोक किंवा दांडी तिरकी आहे, आणि ते दुरुस्त करणे सोपे आहे. कल रॉकेटबरोबर फिरला तर मोटार नळीच मुख्य नळीत तिरकी बसलेली आहे. हा दुसरा निकाल स्टँडपुरता मर्यादित नाही, कारण त्या रॉकेटची मोटारही तशीच तिरकी जोर लावते आणि ते सरळ उडत नाही. चांगला, काटकोनी स्टँड हे तपासणीचे साधनही आहे.

लांब रॉकेट आडवे ठेवायचे असेल तर?

दोन आधार द्यावेत, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण 22 टक्के आत. एक मीटर लांबीच्या नळीसाठी म्हणजे टोकांपासून 22 सेंमीवर. वजन एका टोकाला जास्त असेल तर आधार त्या बाजूला थोडे सरकवावेत. आधार पंखांवर येऊ नयेत. आधारांना फेल्ट (जाड, मऊ लोकरी कापड) लावावे. मऊ पीव्हीसी किंवा रबरी पट्टी टाळावी, कारण तिच्यातील तेलकट द्रव्य महिनोन्महिने टेकून राहिल्यावर रंगात उतरते आणि डाग पडतो किंवा रंग चिकटतो.

त्रिमितीय मुद्रणाने हुक किंवा स्टँड करता येईल का?

स्टँड अवश्य करावा. पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे 60 अंश सेल्सियसला मऊ पडते, त्यामुळे उन्हात उभ्या मोटारगाडीत तसा स्टँड विसरू नये. नोझलशेजारच्या पकडीसाठी मात्र पीएलए नकोच. एबीएस सुमारे 100 अंशांपर्यंत टिकते, पण हुकला लागणारी लवचीकता त्यातही नसते. मुद्रित आट्यांचे टोपण लहान मोटारींना चालते. हुक स्टीलचाच असावा.

प्रतिकृती रॉकेटमध्ये हुक विद्रूप दिसतो, त्यावर उपाय काय?

सॅटर्न-5 च्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-1 इंजिने होती, आणि प्रतिकृतीच्या बुडाशी ती पाच नोझले दिसायला हवीत. पण उड्डाणाच्या वेळी ती तिथे असली तर धुराच्या झोताने जळतात. यावर नोझलांचा संच वेगळा करणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. संचाच्या पुढच्या बाजूला मोटारीच्या मापाचे केसिंग जोडायचे आणि मागची चकती हुकला झाकेल इतकी मोठी ठेवायची. हुकवर त्या केसिंगची कड अडकावी म्हणून चकतीत एक खाच लागते. कपाटात नोझले, मैदानावर मोटार, आणि पकड दोन्हीकडे तीच. दांडीही या संचाच्या मधल्या नोझलमधून घेता येते.

प्रदर्शनात वर्षभर ठेवलेले रॉकेट पुन्हा उडवण्याआधी काय पाहावे?

पॅराशूट घडी घालून आत ठेवलेलेच असेल तर ते उघडणार नाही असे धरून चालावे. पातळ प्लॅस्टिकच्या घड्या कायमच्या होतात. ते बाहेर काढून झटकावे, थोडी टाल्कम पावडर लावावी, किंवा बदलावे. मुळात प्रदर्शनातील रॉकेटमध्ये ते सैल, न दुमडता ठेवणे चांगले. रबरी शॉक कॉर्ड ताणून पाहावी. बारीक चिरा दिसल्या तर ती गेली. चमकदार फ्लुरोसंट रंग उन्हाने सर्वांत आधी फिके पडतात, पण त्याचा उड्डाणाशी संबंध नाही. पंखांचे सांधे बोटाने हलवून पाहावेत, हुक तीन-चार वेळा ओढून सोडावा आणि रिकामे केसिंग घालून मागून खेचावे.

मग स्टँडवरूनच रॉकेट उडवता येईल का?

नाही. स्टँडची दांडी जिथे असते तिथे मोटारीचा झोत जायचा असतो, आणि रॉकेटला पंख प्रभावी होईपर्यंत सरळ नेणारा लाँच रॉड व झोत वळवणारी धातूची तबकडी हे दोन्ही स्टँडमध्ये नसते.